मजबूत लोखंड म्हणजे नेमकं काय: ताण आल्यावर धातू काय करतो ते स्टेप बाय स्टेप

भोसरी एमआयडीसीत मी गेली १८ वर्षं फॅब्रिकेशन आणि मशिनिंगचं काम करतोय, आणि जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक एकच वाक्य घेऊन येतं, "जरा मजबूत लोखंड लावा." सुरुवातीला मी पण मान डोलवायचो आणि एक ग्रेड वरचं मटेरियल लावायचो. त्यात लोकांचे पैसे गेले, माझेही गेले, आणि मोडायचं ते मोडतच राहिलं. कारण मजबूत हा एक गुण नाहीच. लोडखाली झुकायला नको, झुकलं तरी परत सरळ व्हायला हवं, एकदम काडकन तुटायला नको, घासून झिजायला नको, वर्षभर फिरत राहून थकायला नको, ह्या सगळ्या वेगवेगळ्या मागण्या आहेत, प्रत्येकीला धातूचा वेगळा गुण लागतो आणि पुष्कळदा एक वाढवला की दुसरा कमी होतो. त्यामुळे मटेरियल निवडायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: ही वस्तू खराब झाली तर कशी होईल? त्याचं उत्तर काढायला जे जे लागतं ते खाली क्रमाने लिहितोय. डिप्लोमाची पोरं, नवीन शॉप टाकणारे आणि घराचं बांधकाम काढलेले, सगळ्यांच्या कामाचं आहे.

स्टेप १: आधी हाताने समजून घ्या

हार्डवेअरच्या दुकानातून बाइंडिंग वायर घ्या, इलेक्ट्रिशियनकडून जाडसर तांब्याची तार, आणि एक खडू. बाइंडिंग वायर थोडीशी वाकवून सोडा, ती परत सरळ होते. हा लवचिक भाग, इलॅस्टिक. अजून जोर लावा, आता ती वाकलेलीच राहते, हा प्लॅस्टिक भाग. पण नीट बघा, वाकलेली तारसुद्धा सोडल्यावर किंचित मागे येते, म्हणजे आतला लवचिक भाग कायम असतोच. प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) काम करणारा ९० अंश पाहिजे असतील तर दोन अंश जास्त दाबतो तो ह्याच साठी.

आता तांब्याची तार घ्या. एका जागी चांगला काटकोन करा आणि मग बोटांनी पूर्ण सरळ करायचा प्रयत्न करा. होणार नाही. जिथे वाकवली होती तिथे छोटा कुबडा राहतो आणि तार त्याच्या शेजारी वाकते, कारण वाकलेली जागा आता शेजारच्यापेक्षा कडक झालीये. गार अवस्थेत धातूला मार बसला की तो कडक होतो, ह्याला वर्क हार्डनिंग म्हणतात.

हे मोठ्या प्रमाणात बघायचं असेल तर कसबा पेठेत तांबट आळीत जा. तिथे हंडा, घंगाळ, तांब्या ह्यांच्यावर मठारकाम चालतं, एकाशेजारी एक असे हातोडीचे गोल ठोके, आणि ते ठोके नुसते शोभेचे नाहीत. तांब्याचा मऊ पत्रा नुसता वळवून भांडं केलं तर ते सहज चेपेल, मठारल्यावर तोच पत्रा ताठ होतो. ठोकणाऱ्याच्या हाताला कळतं की आता पत्रा ऐकत नाहीये, अजून ठोकला तर चिरेल, मग भांडं भट्टीत लालसर तापवायचं आणि परत मऊ करून घ्यायचं. आणि इथे एक गोष्ट लोखंडाच्या बरोबर उलट आहे, लाल झालेलं तांबं पाण्यात बुडवलं तरी मऊच राहतं, पण ईएन ८ चा, म्हणजे शाफ्टला वापरतात त्या मध्यम कार्बनच्या स्टीलचा, तुकडा लाल करून पाण्यात टाकलात तर तो कडक आणि ठिसूळ होऊन बसतो.

आत काय होतं ते थोडक्यात. धातूत अणू थरांनी रचलेले असतात, पण रचनेत रेषेसारखे दोष असतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो तेव्हा सगळा थर एकदम सरकत नाही, हे दोष सरकतात, म्हणून धातू इतक्या कमी जोरात वाकतो. १९३४ साली टेलर, ओरोवान आणि पोलान्यी ह्या तिघांनी स्वतंत्रपणे ही गोष्ट मांडली. ठोकत गेलं की हे दोष वाढत जातात आणि गणपतीत लक्ष्मी रोडवर माणसाला माणूस अडतो तसे एकमेकांना अडतात, हलेनासे होतात, म्हणून धातू कडक. तापवलं की रचना नव्याने लागते, गर्दी पांगते, धातू मऊ.

खडूचं राहिलं. खडू दोन्ही हातांनी पिळा, तो तिरका तुटतो, साधारण ४५ अंशात, स्क्रूच्या आट्यासारखा. ठिसूळ वस्तू ओढीला कच्ची असते आणि पिळताना सगळ्यात जास्त ओढ तिरक्या दिशेत असते. साधं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील, पिळून तोडलं तर सपाट आडवं तुटतं. ही खूण लक्षात ठेवा, तुटलेल्या शाफ्टचा चेहरा वाचताना लागते.

स्टेप २: ताण आकड्यात मांडा

स्ट्रेस म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ. शाळेच्या पुस्तकात प्रतिबल म्हणतात, शॉपवर कोणी तसं म्हणत नाही. न्यूटन भागिले चौरस मिलीमीटर केलं की उत्तर थेट मेगापास्कलमध्ये येतं, वेगळं काही करायला नको.

उदाहरण घेऊ. १२ मिमीच्या गोल सळईला १ टन लटकवला. क्षेत्रफळ ११३ चौरस मिमी, जोर ९८१० न्यूटन, म्हणजे स्ट्रेस साधारण ८७ मेगापास्कल. आयएस २०६२ ह्या भारतीय स्टँडर्डमधल्या ई २५० ह्या साध्या ग्रेडचा कमीत कमी यील्ड, म्हणजे ज्या स्ट्रेसला धातू कायमचा ताणला जायला लागतो तो, २५० आहे, म्हणजे जवळजवळ तिप्पट मोकळीक आहे असं वाटतं. पण त्याच सळईच्या टोकाला तुम्ही एम १२ चे आटे पाडले असतील तर आट्यातलं कामाचं क्षेत्रफळ ८४ च राहतं आणि स्ट्रेस जातो ११६ वर. तिप्पटची मोकळीक दुप्पटीच्या जरा वर आली, आणि अजून धक्का, तिरकी ओढ, गंज ह्यातलं काहीच धरलेलं नाही. माणसाच्या डोक्यावर काही लटकणार असेल तर मी पाचपटीच्या खाली जात नाही, आणि क्रेन-होइस्टचं काम असेल तर त्याचे स्वतःचे नियम आहेत, ते बघूनच करा.

जुनी माणसं अजून किलोत बोलतात, "पंचवीस किलोचं मटेरियल". म्हणजे २५ किलो प्रति चौरस मिमी, दहाने गुणलं की साधारण मेगापास्कल.

स्टेप ३: झुकणं आणि तुटणं वेगळं करा

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. एका गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमधला रॅक मधोमध १२ मिमी झुकत होता. त्यांनी आग्रह धरला की ई २५० काढा आणि ई ३५० लावा. आम्ही लावलं, तोच सेक्शन, तोच माल वर, आणि झोक परत १२ मिमी. ते माझ्यावर चिडले, मटेरियल बदललंच नाही म्हणाले, आणि मला तेव्हा नीट समजावता आलं नाही ह्याचं वाईट अजून वाटतं.

गोष्ट अशी आहे की लोड आल्यावर धातू किती ताणला जातो हे यंग्ज मॉड्युलसवर ठरतं, आणि स्टीलमध्ये तो सगळ्या ग्रेडचा जवळपास सारखाच, साधारण २ लाख मेगापास्कल. एमएस असो, ईएन २४ सारखं महाग अलॉय स्टील असो, स्प्रिंग स्टील असो. हार्डनिंग केलं तरी तो म्हणण्यासारखा बदलत नाही. महाग ग्रेडमध्ये फक्त कायमचं वाकायची सुरुवात उशिरा होते, त्याआधीचा झोक तेवढाच राहतो. वरच्या सळईचंच बघा, ८७ भागिले २ लाख, आणि ३ मीटर लांबीला ती १.३ मिमी वाढणार, ग्रेड कुठलीही घ्या. ॲल्युमिनियमचा मॉड्युलस ७० हजारच्या आसपास आहे, म्हणजे त्याच आकाराचा ॲल्युमिनियमचा बीम जवळपास तिप्पट झुकेल.

झोक कमी करायचा तर आकार बदला. स्टीलची फूटपट्टी आडवी धरून दाबा, मग कडेवर उभी धरून दाबा, मटेरियल तेच आहे. ५० बाय १० ची पट्टी आडवीपेक्षा उभी २५ पट ताठ असते, आणि रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली की ताठपणा ८ पट होतो. त्या रॅकचा बीम जास्त उंचीच्या सेक्शनचा केला, साध्या ई २५० मध्येच, आणि विषय संपला.

स्टेप ४: टेन्साइल टेस्ट एकदा उभं राहून बघा

टेस्टिंग लॅबमध्ये जॉब पाठवून नुसता कागद घेऊन येऊ नका, पहिल्या वेळेला तरी यूटीएमशेजारी (नमुना ओढून तोडायच्या मशीनशेजारी) उभे राहा. एक साधी एमएसची टेस्ट सांगतो. नमुना १२.५ मिमी व्यासाचा, म्हणजे क्षेत्रफळ १२२.७, त्यावर ६२.५ मिमी अंतरावर दोन पंचच्या खुणा. मशीन ओढायला लागतं, काटा सरळ चढत जातो, आणि ३६ किलोन्यूटनला तो अडखळतो, थोडा मागे येतो, थरथरतो, नमुना तर लांब होतोय पण लोड वाढत नाही. हा यील्ड. ३६००० भागिले १२२.७ म्हणजे २९३ मेगापास्कल. काळी खपली असलेली सळई तशीच लावली असेल तर नेमकी ह्या वेळी खपली तडतडून खाली पडते. पूर्वी तर नमुन्याला चुन्याचा हात मारायचे, चुना सुटला की यील्ड आला.

मग लोड परत चढतो, तेच वर्क हार्डनिंग, आणि ५६ किलोन्यूटनला काटा वरच्या टोकाला पोचतो. हा यूटीएस, म्हणजे धातूने पेललेला सगळ्यात जास्त स्ट्रेस, ४५६ मेगापास्कल. त्यानंतर काटा खाली यायला लागतो आणि नमुन्याला मध्येच कंबर पडते, सगळं ताणणं आता तिथेच होतं, आणि फाट् आवाज होऊन तुटतो. तुकडा लगेच हातात घ्या, कंबरेपाशी कोमट लागतो. एका बाजूला वाटीसारखा खळगा, दुसऱ्या बाजूला त्यात बसणारा उंचवटा. दोन्ही तुकडे जुळवून खुणांमधलं अंतर मोजा, ८० मिमी आलं तर इलाँगेशन २८ टक्के.

आता टीसी, म्हणजे मालाबरोबर येणारं टेस्ट सर्टिफिकेट, वाचायला सोपं जाईल. आधी हीट नंबर (धातू ज्या घाणातून ओतला त्याचा नंबर) बघा, कागदावरचा आणि मालावर पंच केलेला एकच पाहिजे, नाहीतर तो कागद दुसऱ्याच मालाचा आहे. मग यील्ड, यूटीएस आणि इलाँगेशन तिन्ही एकत्र वाचा. ई २५० ला कमीत कमी २५०, ४१० आणि २३ टक्के लागतात. नुसता यील्ड भरपूर आणि इलाँगेशन काठावर असं दिसलं तर वाकवायच्या कामाला तो लॉट मी घेत नाही, बेंडच्या बाहेरच्या बाजूला चिरा पडतात. इलाँगेशन किती लांबीवर मोजलंय हेही लिहिलेलं असतं, आखूड लांबीवर तोच धातू जास्त टक्के दाखवतो.

बोल्टवरचे आकडेसुद्धा हेच सांगतात. ८.८ म्हणजे यूटीएस ८०० आणि त्याच्या ०.८ पट, ६४०, यील्ड. १०.९ म्हणजे १००० आणि ९००.

स्टेप ५: घर बांधताय तर सळईचं "डी" अक्षर बघा

वाघोली, हिंजवडी, चाकण, सगळीकडे बांधकामं चालू आहेत आणि साइटवर लोक फक्त ५०० की ५५० एवढंच विचारतात. एफई ५०० आणि एफई ५०० डी दोन्हीची कमीत कमी ताकद ५०० च आहे, पण आयएस १७८६ मध्ये साध्या ५०० ला इलाँगेशन १२ टक्के चालतं, डी ला १६ टक्के लागतं, आणि यील्ड व यूटीएस मधलं अंतरही जास्त लागतं. डी म्हणजे तन्यता, तुटण्याआधी ताणलं जायची कुवत. भूकंपात इमारत हलते तेव्हा सळईने ताणलं जाऊन ती ऊर्जा गिळायची असते, न तुटता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पुण्यातही जाणवला होता, आपण काही ह्याच्या बाहेर नाही.

अजून एक कळकळीने सांगतो. कॉलमच्या बाहेर आलेल्या सळया वाकवून ठेवतात आणि नंतर पाइप घालून सरळ करतात. तांब्याच्या तारेचा कुबडा आठवा, तीच जागा कडक होते, तिथली तन्यता खर्च झालेली असते. काही ठिकाणी तर ब्लोटॉर्चने तापवतात, त्याने टीएमटीचा बाहेरचा कडक थर मऊ पडतो. दोन्ही करू देऊ नका, सळई योग्य जागी पहिल्यांदाच काढायला लावा.

स्टेप ६: कडकपणा तपासा, पण त्याला ताकद समजू नका

शॉपवर पटकन करायचं तर चांगली कानस घ्या आणि जॉबच्या कडेवर घासा. कानस धातू ओरबाडत असेल तर जॉब मऊ, काचेवर सरकल्यासारखी सरकली तर साधारण ६० एचआरसीच्या (रॉकवेलच्या सी मापाच्या) घरात. नेमका आकडा पाहिजे तर रॉकवेल किंवा ब्रिनेल, ह्या कडकपणा मोजायच्या टेस्ट. साध्या आणि लो अलॉय स्टीलला ब्रिनेलचा आकडा साडेतीनने गुणला की यूटीएस अंदाजे मिळतो, २०० ब्रिनेल म्हणजे ७०० मेगापास्कलच्या आसपास, नमुना न तोडता अंदाज घ्यायला फार उपयोगी.

पण कडक म्हणजे चिवट नव्हे. पाण्यात नुसतं विझवलेलं ईएन ८ कानसेला दाद देत नाही आणि हातातून फरशीवर पडलं तर तुटू शकतं. म्हणून हार्डनिंगनंतर टेम्परिंग, म्हणजे परत थोडं तापवणं, थोडा कडकपणा सोडायचा आणि चिवटपणा घ्यायचा. बेअरिंगच्या रिंगवर कधीही सरळ हातोडी मारू नका, कडक स्टीलची कपची उडते, आणि डोळ्याला गॉगल लावल्याशिवाय असलं काही करूच नका.

स्टेप ७: थकवा, जिथे खरी मोडतोड होते

ह्या विषयावर मी सगळ्यात जास्त शिकलो ते एका कन्व्हेयरच्या ड्रम शाफ्टमुळे. शाफ्ट ईएन ८ चा, ६० आरपीएम, एक शिफ्ट. दर तीन महिन्यांनी तुटायचा, कायम बेअरिंगच्या खांद्यापाशी, म्हणजे बेअरिंग टेकायला शाफ्टचा व्यास जिथे एकदम वाढतो तिथे. आम्ही ईएन १९ हे वरचं अलॉय स्टील केलं, मग ईएन २४ हार्डन-टेम्पर करून लावलं, जेमतेम एक महिना जास्त टिकलं. लोड मोजला तर स्ट्रेस यील्डच्या एक तृतीयांशही नव्हता. मी डोकं धरून बसलो होतो तेव्हा आमच्याकडचे टर्नर मामा, तेव्हा साठीला आलेले, त्यांनी तुटलेला तुकडा खिडकीपाशी नेला, तिरका धरला आणि म्हणाले, "साहेब, लोखंड बदलून काय होणार, कोपरा बघा की."

त्यांनी दाखवलं ते असं. तुटलेल्या तोंडाचा बराच भाग गुळगुळीत, काळपट, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा वक्र रेघा. उरलेला छोटा भाग खरबरीत, चकचकीत. म्हणजे चीर हळूहळू आत सरकत गेली, रेघांनी तिचे मुक्काम दाखवले, आणि शेवटी उरलेल्या थोड्याशा धातूला लोड पेलला नाही तेव्हा तो एका क्षणात तुटला. रेघांचा उगम शोधला तर तो बरोबर खांद्याच्या कोपऱ्यात, जिथे टूलने एकदम टोकदार काटकोन काढला होता.

शाफ्ट फिरतो तेव्हा वरचा थर खाली येतो, ओढ असलेली बाजू दाबात जाते, प्रत्येक फेऱ्याला एकदा उलटसुलट. ६० आरपीएमने आठ तासांत २८,८०० वेळा, आणि तीन महिन्यांच्या साधारण ७५ कामाच्या दिवसांत २१ लाखांच्या वर. एवढ्या वेळा उलटसुलट झालं की यील्डच्या खूप खालचा स्ट्रेससुद्धा पुरतो. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आगगाडीचा आस तुटून मोठा अपघात झाला, त्यानंतर रेल्वेचे आस का तुटतात ह्याचा पिच्छा सुरू झाला आणि जर्मनीत वोलर ह्यांनी अनेक वर्षं आस फिरवून-फिरवून तोडले आणि आकडे मांडले. त्यातून कळलं की स्टीलला एक हद्द असते, तिच्या खाली राहिलं तर ते थकत नाही. घासून गुळगुळीत केलेल्या नमुन्याला ही हद्द यूटीएसच्या अंदाजे निम्मी असते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट हद्दच नाही, त्यामुळे त्याचं आयुष्य मोजूनच धरावं लागतं.

आणि कोपरा? रुंद पट्टीत साधं गोल भोक पाडलं तरी भोकाच्या कडेला स्ट्रेस तिप्पट होतो. टोकदार कोपऱ्यात त्याहून जास्त. कडक स्टील अशा खाचेला जास्त नाजूक असतं, म्हणून ईएन २४ ने फारसं काही वाचवलं नाही.

उपाय करताना अडचण अशी की खांद्याच्या कोपऱ्याला मोठा रेडियस (गोलाई) दिला तर बेअरिंग खांद्याला टेकत नाही, कारण बेअरिंगच्या स्वतःच्या कोपऱ्याचा रेडियस छोटा असतो. मामांनी खांद्याला ४ मिमी रेडियस काढला आणि बेअरिंग व खांदा ह्यांच्यामध्ये एक रिंग घातली, आतून मोठा चॅम्फर मारलेली (कड तिरकी कापलेली), म्हणजे ती रेडियसवर चढत नाही आणि बेअरिंगला सपाट टेकण मिळतं. रेडियसवरच्या टूलच्या आडव्या रेघा एमरीने शाफ्टच्या लांबीच्या दिशेने घासून काढल्या, कारण आडवी रेघ म्हणजे छोटी खाचच. मटेरियल परत ईएन ८. तो शाफ्ट पाच वर्षांनी मी पाहिला तेव्हा चालू होता.

तुमच्याकडे काही तुटलं तर आधी हे करा: दोन तुकडे एकमेकांत बसवून बघू नका, रेघा घासून जातात. पुसू नका, वायर ब्रश तर अजिबात नाही. तोंडावर हलकं तेल लावा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि शाफ्ट कुठल्या बाजूने फिरत होता ते लगेच लिहून ठेवा. मग उगम शोधा. तो की-वेच्या (चावी बसवायच्या खाचेच्या) कोपऱ्यात, वेल्डच्या कडेला, ग्रबस्क्रूच्या खुणेत नाहीतर कोणीतरी पंचने मारलेल्या नंबरात सापडतो.

स्टेप ८: बाकीच्या गोष्टी पटकन

थंडीत स्टील ठिसूळ होतं. पुण्याच्या थंडीने काही होत नाही, पण कोल्ड स्टोरेजचं काम असेल तर ई २५० सी घ्या, त्याची चार्पी टेस्ट (धक्का देऊन नमुना तोडायची टेस्ट) उणे २० अंशाला होते. भट्टीच्या आत सतत लाल राहणाऱ्या भागांना क्रीप लागतो, म्हणजे कायम लोडखाली ते हळूहळू ताणत जातात, साध्या तापमानाचा यील्ड तिथे लावू नका. ६०६१ टी ६ ॲल्युमिनियमला वेल्ड केलं की वेल्डशेजारची ताकद जवळजवळ निम्मी होते, डिझाइन तीच धरून करा. आणि १०.९ च्या वरचे बोल्ट प्लेटिंगला पाठवलेत तर लगेच बेकिंग करून मागा, प्लेटिंगच्या टाकीतला हायड्रोजन आत शिरतो आणि घट्ट केलेला बोल्ट एक-दोन दिवसांनी आपोआप तुटतो.

स्टेप ९: ड्रॉइंगवर काय लिहायचं

नुसतं "ईएन ८" लिहू नका. कुठल्या अवस्थेत पाहिजे ते लिहा, नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत गार केलेलं) की हार्डन-टेम्पर. कडकपणा "किमान" न लिहिता दोन आकड्यांत बांधा, उदाहरणार्थ २८ ते ३२ एचआरसी, वरची मर्यादा नसेल तर हीट ट्रीटमेंटवाला कडकच देणार आणि तुम्हाला ठिसूळ मिळणार. प्रत्येक खांद्याचा रेडियस आकड्यात लिहा, कारण न लिहिलेला रेडियस म्हणजे टर्नरच्या टूलला त्या दिवशी जो असेल तो. आणि नंबर कुठे पंच करायचा तेही दाखवा, शाफ्टच्या टोकाच्या तोंडावर, बाजूच्या गोलाईवर नाही.